पत्ता कुणाच्या नावावर?

शाळेचा किंवा स्वतःचा ब्लॉग सुरू करायचा असे शिक्षकाच्या मनात आले की पहिला प्रश्न पडतो, 'कुठे काढू?' या प्रश्नाला उत्तर म्हणून तयार तक्ते भरपूर मिळतात. एका रकान्यात ब्लॉगर, दुसऱ्यात वर्डप्रेस, तिसऱ्यात आणखी एखादे नाव. आणि प्रत्येकाखाली बरोबर-चुकीच्या खुणा. सोपे आहे का, फुकट आहे का, सजावटीचे नमुने किती, जाहिरातींतून चार पैसे मिळतील का. या तक्त्यांतली माहिती बहुधा खरी असते. पण त्यांत एक रकाना हमखास नसतो. ही जागा उद्या सोडावी लागली, तर लिहिलेले सारे बरोबर नेता येईल का आणि वाचकाला ते पुन्हा सापडेल का? माझे म्हणणे असे की शिक्षकाने हा रकाना सर्वांत आधी भरावा आणि बाकीचे नंतर पाहावेत. व्यापाऱ्याची, प्रवासवर्णन लिहिणाऱ्याची किंवा वर्तमानपत्राची गरज वेगळी असू शकेल. शाळेची गरज ही आहे.

असे का, ते एका उदाहरणाने पाहू. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातली एक शाळा डोळ्यांसमोर आणा. शाळा कल्पित आहे, परिसर मात्र खरा. कडेगाव उंच ताबुतांसाठी प्रसिद्ध आहे. मोहरमला हिंदू आणि मुसलमान मिळून तिथे ताबुतांचा सोहळा करतात. तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावी यशवंतराव चव्हाणांचा जन्म झाला आणि त्या गावाला लागूनच सागरेश्वरचे अभयारण्य आहे. उघड्या डोंगरांवर माणसांनी राखून वाढवलेले ते रान आहे. पाऊस कमी, शेतीचा भरवसा ताकारी आणि टेंभू या उपसा योजनांतून चढवलेल्या कृष्णेच्या पाण्यावर. याच तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. त्याची बातमी देशाबाहेरही गेली.

आता अशा परिसरातल्या शाळेने ब्लॉग काढला, तर त्यात काय येईल? शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद येईल. सागरेश्वरच्या सहलीत दिसलेले पक्षी, कोणत्या महिन्यात पळस फुलला, विहिरीची पातळी कालव्याला पाणी आल्यावर किती दिवसांनी वाढली, ताबूत बांधणाऱ्या कारागिरांची मुलांनी घेतलेली मुलाखत हेही येईल. यातली एकही गोष्ट आजच्या आज फार मोलाची नाही. १२ जुलैला ९ मिलिमीटर पाऊस पडला, हे १३ जुलैला वाचून कुणाला काय मिळणार? पण त्याच तारखेच्या पंधरा वर्षांच्या नोंदी एकाखाली एक मांडल्या की त्यांतून काही दिसू लागते. मूळ शब्दातही हाच अर्थ आहे. 'वेबलॉग' हा शब्द जॉर्न बार्जर यांनी १९९७ मध्ये रूढ केला, १९९९ मध्ये त्याचा 'ब्लॉग' झाला; आणि त्यातला 'लॉग' म्हणजे जहाजावरची नोंदवही. नोंदवहीचे मोल वर्षांच्या संख्येवर ठरते. म्हणून जागेची निवडही वर्षांच्या हिशेबाने व्हायला हवी.

इंटरनेटवरच्या जागांचे आयुष्य मात्र आपण समजतो तेवढे नसते. जिओसिटीज ही १९९४ मध्ये सुरू झालेली फुकट पानांची वसाहत एके काळी प्रचंड मोठी होती. याहूने ती १९९९ मध्ये विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. हौशी लोकांनी धावपळ करून त्यातली बरीच पाने वाचवली, पण पत्ते गेले ते गेलेच. ही झाली जुनी गोष्ट. टाइपपॅड ही ब्लॉगची सेवा २००३ पासून चालू होती, आणि तिचे ग्राहक पैसे भरणारे होते. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस कंपनीने जाहीर केले की ३० सप्टेंबरला सेवा बंद होईल. वीस-बावीस वर्षांचे लेखन उचलून न्यायला सुमारे महिनाभराची मुदत! म्हणजे 'फुकट आहे म्हणून बुडाले, पैसे भरले असते तर टिकले असते' हेही खरे नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की २०१३ साली इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. दहा वर्षे म्हणजे शाळेच्या दृष्टीने किती? पहिलीत आलेले मूल दहावीला बसेपर्यंतचा काळ.

पण सेवा बंद पडणे हा एकच धोका नाही. सेवा चालू आहे, लेखनही जागेवर आहे आणि तरीही वाचकाला ते सापडत नाही, असेही होते. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या देशातले आहे आणि त्याचा फटका मराठी ब्लॉगांनाही बसला, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

ब्लॉगर ही सेवा पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने १९९९ मध्ये सुरू केली आणि २००३ मध्ये गूगलने ती घेतली. तिथे ब्लॉग काढला की त्याचा पत्ता 'अमुकतमुक डॉट ब्लॉगस्पॉट डॉट कॉम' असा मिळतो. २०१२ मध्ये गूगलने एक बदल केला. भारतातून कुणी असा ब्लॉग उघडला की त्याला आपोआप 'ब्लॉगस्पॉट डॉट इन' या पत्त्यावर नेले जाऊ लागले. एखाद्या देशात एखादा मजकूर काढून टाकायचा आदेश निघाला तर तो तेवढ्या देशापुरता काढता यावा, असा त्यामागचा विचार होता. लेखकाला याची फारशी जाणीव झाली नाही. पण वाचकाने पत्ता उतरवून घेतला तो 'डॉट इन'चा. तोच मित्रांना पाठवला गेला, तोच लेखांच्या खाली संदर्भ म्हणून दिला गेला, प्रशिक्षणाच्या टिपणांत छापला गेला. पुढे गूगलने ही पद्धत सोडली, जुने 'डॉट इन' पत्ते मूळ 'डॉट कॉम'कडे वळवले जात राहिले आणि सारे सुरळीत चालले.

मग २०२० साली 'ब्लॉगस्पॉट डॉट इन' या नावाची मुदत संपली आणि ती वेळेवर वाढवली गेली नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीच्या हातून हे नाव निसटले आणि दुसऱ्याच कुणी ते विकत घेतले. त्या नावावर संपणारे लाखो पत्ते एकाएकी निकामी झाले. लेख मात्र सगळे 'डॉट कॉम'वर सुखरूप होते. ज्याला ही युक्ती माहीत होती तो 'इन' पुसून 'कॉम' लिहून लेख वाचू शकत होता. ज्याला माहीत नव्हती तो 'पान गेले' म्हणून परत फिरला. (आजही जुन्या अंकात किंवा टिपणात असा पत्ता दिसला तर हा बदल करून पाहा; पुष्कळदा लेख सापडतो.)

या प्रसंगात लेखकाची काहीच चूक नव्हती. त्याने लेखन पुसले नव्हते, परवलीचा शब्द हरवला नव्हता. पत्ता त्याच्या नावावर नव्हता, एवढेच.

इथे पत्ता आणि घर यांतला फरक समजून घेतला पाहिजे. तक्ते बनवणारे या दोहोंची सरमिसळ करतात आणि माझ्या मते त्यांचा हाच मोठा दोष आहे. आपले लेखन कुठल्या तरी संगणकावर साठवलेले असते, ते घर. त्या संगणकाला एक क्रमांक असतो. माणसांना क्रमांक लक्षात राहत नाहीत म्हणून नावे असतात, आणि नाव दिले की क्रमांक सांगणारी एक जगभर पसरलेली यादी असते. तिला डीएनएस म्हणतात. वाचक नाव लिहितो, यादी क्रमांक सांगते, आणि वाचक त्या संगणकापर्यंत पोचतो. नाव आपल्या मालकीचे असेल तर घर बदलले तरी यादीतला क्रमांक तेवढा बदलायचा. वाचकाला पत्ता तोच राहतो. २०११ पासून आपल्याकडे मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, तसेच हे. नंबर आपला झाल्यावर कंपनीची मनमानी किती कमी झाली, ते आपण अनुभवले आहेच.

नाव कुणाच्या मालकीचे आहे हे ओळखायची रीत सोपी आहे आणि आठवीच्या वर्गात ती दहा मिनिटांत शिकवता येते. पत्ता उजवीकडून वाचायचा. टपालाचा पत्ता जसा पोस्टमन खालून वाचतो, आधी राज्य, मग जिल्हा, मग गाव, शेवटी माणूस, तसाच. 'आमचीशाळा डॉट ब्लॉगस्पॉट डॉट कॉम' मध्ये सर्वांत उजवीकडे 'कॉम', त्याच्या डावीकडे 'ब्लॉगस्पॉट'. हे नाव गूगलचे. 'आमचीशाळा' ही त्यांच्या वाड्यातली एक खोली. 'आमचीशाळा डॉट इन' असे असेल तर मात्र 'इन'च्या लगेच डावीकडे आपणच असतो. असे नाव भाड्याने मिळते, कायमचे विकत मिळत नाही, पण भाडे वर्षाला काही शे रुपयांपासून हजारभरापर्यंत असते. शाळेच्या एका सहलीतल्या नाश्त्याइतका हा खर्च आहे.

नाव मराठीतही घेता येते. देवनागरीतले 'डॉट भारत' हे नामक्षेत्र २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले आणि त्यात हिंदी-मराठीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांची सोय आहे. मनाला फार आवडणारी गोष्ट आहे ही, पण शिफारस करताना मी जरा कचरतो. पुष्कळ अर्जांत आणि सॉफ्टवेअरमध्ये हा पत्ता अजून स्वीकारला जात नाही, आणि तो एकीकडून दुसरीकडे उतरवताना कधी कधी 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी रोमन अक्षरांची माळ होऊन बसतो. घ्यायचाच असेल तर 'डॉट इन'च्या जोडीला घ्यावा.

पत्त्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे लेखन कोणत्या रूपात साठते. मराठी माणसांना हा धडा एकदा फार महागात मिळालेला आहे. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फाँटांत लिहिला जाई. त्यांत युक्ती अशी होती की संगणक आत रोमन अक्षरेच साठवी, फक्त पडद्यावर त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवी. फाँट असेपर्यंत मराठी. फाँट नसेल तर निरर्थक इंग्रजी अक्षरांचा काला. प्रत्येक वर्तमानपत्राचा फाँट वेगळा, त्यामुळे प्रत्येकासाठी वेगळी जुळवाजुळव. युनिकोडने प्रत्येक देवनागरी चिन्हाला स्वतःचा क्रमांक दिला. ही सोय १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून होती, पण आपल्या रोजच्या संगणकांत ती रुळायला आणखी बारा-पंधरा वर्षे गेली. त्या मधल्या काळातले कितीतरी मराठी लेखन आज उघडले तरी वाचता येत नाही. मायबोलीसारखे १९९६ मध्ये सुरू झालेले संकेतस्थळ या स्थित्यंतरातून पार पडून आजही चालू आहे, हे मला म्हणूनच मोठे काम वाटते.

आज युनिकोड सर्वत्र आहे, पण धोका संपलेला नाही. माझ्या स्वतःच्या काही लेखांच्या बाबतीत असे झाले की ज्या कंपनीकडे जागा घेतली होती तिने एका संगणकावरून दुसऱ्यावर सामान हलवले, आणि सकाळी पाहतो तो सगळ्या लेखांत प्रश्नचिन्हांच्या रांगा. देवनागरीला जागाच नसलेल्या जुन्या पद्धतीने नवा साठा उघडला गेला होता. अक्षरे चुकीची दिसणे आणि अक्षरांची प्रश्नचिन्हे होणे यांत फरक आहे. पहिल्या प्रकारात मूळ आकडे शाबूत असतात आणि ते पुन्हा नीट वाचता येतात. दुसऱ्यात 'प'चेही प्रश्नचिन्ह होते आणि 'स'चेही. उलट फिरायला वाट नाही. कंपनीने माफी मागितली. लेख परत आले ते माझ्या जुन्या पेनड्राइव्हवर एक प्रत होती म्हणून, आणि तीही पूर्ण नव्हती.

प्रत ठेवायला किती जागा लागते याचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा, उत्तर त्यांना चकित करते. युनिकोडच्या प्रचलित साठवणीत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'पाऊस' या शब्दात प, काना, ऊ आणि स अशी चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट. मराठी शब्दात सरासरी पाच ते सहा चिन्हे धरली तर हजार शब्दांचा लेख वीस किलोबाइटच्या आत बसतो. शाळेने वर्षाला वीस लेख लिहिले, तर दहा वर्षांत दोनशे. दोनशे गुणिले वीस, म्हणजे चार हजार किलोबाइट, साधारण चार मेगाबाइट. आजच्या मोबाइलने काढलेले एकच छायाचित्र एवढे असते! दहा वर्षांचे सारे शब्द एका फोटोएवढे. तेव्हा 'जागा किती मिळते' या रकान्याला शब्दांच्या बाबतीत काही अर्थ नाही. जागा खातात ती छायाचित्रे, आणि ती चढवण्यापूर्वी लहान करून घेतली तर वाचकाच्या मोबाइलवरही पान लवकर उघडते.

आता प्रत्यक्ष पर्याय. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात लेख टाकणे हा सर्वांत जास्त वापरला जाणारा मार्ग आहे आणि माझ्या दृष्टीने तो पर्यायच नव्हे. तिथल्या मजकुराला पत्ता नसतो. परवाच्या नोंदीकडे बोट दाखवता येत नाही, गटाबाहेरच्याला शोधून ती सापडत नाही. निरोप पोचवायला तो गट उत्तम, ठेवायला नाही. फेसबुकवर पत्ता असतो, पण खाते नसलेल्याला तिथे दारातच अडवले जाते, आणि तीन वर्षांपूर्वीचे लेखन शोधणे लेखकालाही जिकिरीचे होते. मिडियम आणि सबस्टॅक यांची पाने देखणी असतात. सबस्टॅकवर लेख थेट वाचकाच्या ईमेलमध्ये जातो, हे एकट्या लेखकाला उपयोगी आहे. पाऊस आणि पक्ष्यांच्या नोंदी तारीखवार, विषयवार लावायच्या असतील तर मात्र ती जागा अपुरी वाटते.

उरतात ते दोन मुख्य पर्याय, ब्लॉगर आणि वर्डप्रेस. वर्डप्रेस हे २००३ मध्ये आलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते कुणीही कुठल्याही संगणकावर बसवू शकतो, आणि आज जगातली चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे त्यावर चालतात. याच नावाची 'वर्डप्रेस डॉट कॉम' ही एका कंपनीची सेवाही आहे. सॉफ्टवेअर वेगळे, सेवा वेगळी. तक्त्यांत हा घोळ फार असतो. सेवा फुकट घेतली तर पानावर जाहिराती येतात आणि स्वतःचे नाव लावायचे तर पैसे मोजावे लागतात. सॉफ्टवेअर स्वतः भाड्याच्या जागेत बसवले तर पूर्ण मोकळीक मिळते, पण ते वारंवार अद्ययावत करावे लागते. तसे न केलेल्या वर्डप्रेसच्या स्थळांत घुसून भलत्याच औषधांच्या जाहिराती टाकणारे लोक जगात पुष्कळ आहेत. शाळेत हे काम कोण करणार? उत्साही शिक्षक असेपर्यंत तो करील. म्हणून ज्या शाळेत किंवा शिक्षकगटात असे काम आवडीने करणारी किमान दोन माणसे आहेत, तिथेच मी याची शिफारस करीन. एका माणसावर हा डोलारा उभा करू नये.

ब्लॉगरमध्ये मोकळीक कमी आहे. सजावट जुनाट वाटते आणि गेली कित्येक वर्षे त्यात फार नवे काही आलेले नाही. गूगलने आपल्या कितीतरी सेवा बंद केल्या आहेत. २०१३ मध्ये रीडर आणि २०१९ मध्ये गूगल प्लस गेले. ब्लॉगरही उद्या जाणार नाही असे कुणी सांगू शकत नाही. तरीही साध्या शाळेसाठी माझा कल ब्लॉगरकडेच आहे, कारण तिथे स्वतःचे नाव लावायला कंपनी पैसे घेत नाही, नावाचे भाडे तेवढे आपण भरायचे. सारे लेख एका फाईलमध्ये उतरवून घेता येतात आणि ती फाईल वर्डप्रेसलाही वाचता येते. म्हणजे या घराला मागचे दार आहे. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लेखांच्या त्या फाईलीत चित्र नसते, चित्राचा फक्त पत्ता असतो. चित्रांच्या मूळ प्रती वेगळ्या ठेवाव्या लागतात.

तिसरा एक पर्याय तक्त्यांत कधीच नसतो, तो म्हणजे साधी एचटीएमएल पाने. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जे पहिले संकेतस्थळ लोकांसमोर ठेवले ते असेच होते, आणि तशी पाने आजचा ब्राउझरही उघडतो. यांत बिघडण्यासारखे काही नसते. दहावीनंतरच्या मुलांना संगणक शिकवायला हे उत्तम साधन आहे. आपल्या परिचयाचे उदाहरण पाहायचे तर पुण्याचे अरविंद गुप्ता यांचे 'अरविंदगुप्ताटॉइज डॉट कॉम'. दिसायला अगदी साधे, पण विज्ञान खेळण्यांची कृती आणि शेकडो पुस्तके तिथे खुली आहेत, स्वतःच्या नावाचा पत्ता आहे, आणि त्यांतली पुष्कळ पुस्तके इंटरनेट अर्काइव्हवरही ठेवलेली आहेत. एक जागा बंद पडली तरी दुसरी उरते. देखणेपणाच्या रकान्यात या स्थळाला कमी गुण मिळतील. उपयोगाच्या रकान्यात त्याच्या जवळपास येणारी स्थळे थोडी.

जिल्हा परिषदेच्या शाळांपुढे मात्र एक वेगळीच अडचण आहे आणि ती तांत्रिक नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रातल्या कितीतरी प्राथमिक शिक्षकांनी स्वतःच्या हौसेने ब्लॉग काढले, कविता, स्वाध्याय, चाचण्या, परिपत्रके त्यांवर घातली. काम मोलाचे झाले. पण ब्लॉग शाळेच्या नावाचा असला तरी खाते शिक्षकाचे खासगी असते. शिक्षकाची बदली झाली की किल्ली त्याच्याबरोबर जाते. निवृत्तीनंतर खाते उघडणे राहून जाते. आणि गूगलच्या २०२३ मध्ये जाहीर झालेल्या नियमानुसार दोन वर्षे न वापरलेले खासगी खाते पुसले जाऊ शकते. यावर उपाय कागदी आहे. ब्लॉगसाठी शाळेच्या नावाने वेगळे खाते उघडावे, ब्लॉगरमध्ये एकाहून अधिक व्यवस्थापक नेमता येतात ते नेमावेत, आणि खात्याचा तपशील, नावाच्या भाड्याची तारीख, शेवटची प्रत कधी काढली ही माहिती पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी. पदभार देताना जडसंग्रह नोंदवहीत खुर्च्या आणि टेबले मोजतात, त्यांच्याबरोबर हे पाकीटही मोजावे. 'ब्लॉगस्पॉट डॉट इन' बुडाले ते भाड्याची तारीख चुकल्याने, हे विसरू नये.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. मुलांची छायाचित्रे, पूर्ण नावे, वर्ग आणि गाव एकाच पानावर देऊ नयेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत असला तरी आपण थांबायचे कारण नाही. पर्जन्यमापकाचा फोटो काढताना मुलाचा चेहरा आलाच पाहिजे असे थोडेच आहे?

जागा ठरली की लगेच सजावटीला लागू नये. आधी एक परीक्षा घ्यावी. दोन लहान नोंदी लिहा. एकीत जोडाक्षरे भरपूर असू द्या, 'पर्जन्यमापक', 'आर्द्रता', 'सागरेश्वर'. दुसरीत एक चित्र आणि पावसाच्या आकड्यांचा छोटा तक्ता ठेवा. मग त्या सेवेतून सारे लेखन उतरवून घ्या, फाईल पेनड्राइव्हवर घाला आणि इंटरनेट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. अक्षरे तीच आहेत का? तारखा आहेत का? तक्त्यातले आकडे आपापल्या ओळीत आहेत का? चित्र कुठे गेले? त्यानंतर तीच फाईल दुसऱ्या एखाद्या सेवेत चढवून नोंदी जशाच्या तशा उभ्या राहतात का तेही पाहा. दोन तासिकांचे काम आहे. नववीच्या मुलांकडे सोपवले तर ती चुका जास्त शोधतात. ज्या जागी ही परीक्षा नापास होईल तिथे तिसरी नोंद लिहू नका. जिथे पास होईल तिथे त्याच दिवशी वर्षातली एक तारीख ठरवा, उदाहरणार्थ १ मे, निकालाचा दिवस. त्या दिवशी वर्षभराची प्रत काढून पाकिटातल्या कागदावर सही करायची. पावसाची कागदी वही मात्र चालूच ठेवायची.